चौऱ्याऐंशी काळे मणी

तारीख चार फेब्रुवारी, बुधवार, सकाळी साडेअकराचा सुमार. ठरलेली मजुरी तीनशे रुपये, दोन सरांची मिळून. हजर चौघं: मागच्या गल्लीतल्या अव्वा, त्यांची नात, माझी बायको आणि मी. माल काळे मणी चौऱ्याऐंशी, पोवळी सहा. द्यायचा वायदा शुक्रवारी, तेरा तारखेला. नातीचं लग्न बावीसला.

एवढं नेमकं सांगता येतं ते बायकोच्या वहीमुळे. तिथे मी होतो, पण मान वर्तमानपत्रात होती. नंतर जे झालं ते बघता मान थोडी वर केली असती तर बरं झालं असतं.

अव्वा म्हणजे तेलुगूत आजी. त्यांचं वय सत्तरच्या पुढे. नवरा यंत्रमागावर आणि त्या घरी बसून विड्या वळणाऱ्या, असा त्यांचा संसार झाला. विड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो, म्हणून अव्वा जगातली कुठलीही गोष्ट पंचविसाच्या हिशेबात मोजतात. त्या दिवशी बायको मणी मोजत होती, साठापर्यंत पोहोचली नव्हती, तोवर अव्वा म्हणाल्या, "तीन कट्टे आन् वर नऊ. मोज, मोज. माझं चुकलं तर सांग की."

चुकलं नव्हतं.

मणी काढण्याआधी एक काम झालं ते मात्र मी पाहिलं, कारण त्यासाठी मला देवघरातलं हळकुंड आणून द्यायला सांगितलं होतं. सवाष्णीचा गळा क्षणभरही मोकळा राहू नये म्हणून जुना सर कापायच्या आधी हळदीच्या दोऱ्यात ते हळकुंड बांधून अव्वांच्या गळ्यात घातलं. सोन्याचे दोन पुस्ते, म्हणजे त्यांच्याकडच्या मंगळसूत्रातली ती दोन गोल पदकं, त्यातच ओवून दिली. मग जुना दोरा कापला. मणी स्टीलच्या वाटीत पडले, बारीक खडखडाट झाला.

"हे माझ्या आईचे," अव्वा म्हणाल्या. "ती तिकडून, तेलंगणातनं आली तवा गळ्यात हेच होते. मला सगळे दिले. आता अर्धे माझे, अर्धे हिचे. बेचाळीस-बेचाळीस."

नात बारा वर्षांची असताना तिची आई गेली. लेकीच्या लग्नात अव्वांची परिस्थिती बेताची होती आणि मणी वाटायचं राहून गेलं. नातीच्या वेळी ते राहू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. नात पार्लरमध्ये काम करते. ती म्हणाली, "अव्वा, नवीन घे ना डिझाइनचं. किती छान मिळतात."

"नवीन तू घे की दहा. हे घालायचं."

बायकोने वाटीवर बशी झाकली, वाटी वरच्या फळीवर ठेवली आणि वहीत लिहून घेतलं. मी क्रीडा पान उघडलं.

आता माझ्याबद्दल. सत्तावीस वर्षं मी एका टॉवेल कारखान्यात स्टोअरकीपर होतो. ऑक्टोबरात कारखान्याने स्टोअर बंद केलं, तीन जणांना घरी पाठवलं, त्यात मी. हिशेब व्यवस्थित मिळाला, तक्रार नाही. पण सकाळी आठ वाजता डबा घेऊन निघण्याची सवय असलेला त्रेपन्न वर्षांचा माणूस घरात बसला की घर त्याला नीट दिसायला लागतं, आणि ते घरच्यांच्या सोयीचं नसतं. पहिल्या महिन्यात मी फडताळातले मसाल्याचे डबे उंचीनुसार लावले. दुसऱ्या महिन्यात विजेच्या बिलांची पंधरा वर्षांची फाइल केली. तिसऱ्या महिन्यात माझी नजर तिच्या मण्यांवर गेली.

दागिने गाठवण्याचं काम ती नऊ वर्षं करते. मंगळसूत्रं, ठुशी, मोत्याचे सर, तुटलेल्या माळा. एका म्हाताऱ्या पटवेकऱ्याकडून ती शिकली, त्यांचे डोळे गेले आणि त्यांच्याकडची गिऱ्हाइकं हिच्याकडे आली. मधल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात तिचा सगळा माल. मी एकदा ती नसताना मोजदाद केली होती: सुपारीचे डबे सात, मिठाईचे खोके चार, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं तेवीस, जुना मिसळणाचा डबा एक, काड्यापेट्या अगणित. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या मण्यांच्या पुड्या तशाच दोऱ्याने बांधलेल्या. लाल मण्यांत मोती, मोत्यांत पितळी कड्या. वरच्या फळीवर बशांनी झाकलेल्या स्टीलच्या अकरा वाट्या. या सगळ्यातून तिला हवा तो मणी अर्ध्या मिनिटात सापडायचा. मला वाटायचं, ही सवय आहे, पद्धत नव्हे.

"आपण हे एकदा लावू या," मी म्हणालो होतो.

"लावू की. मी मोहोळहून आले की बसू."

सात तारखेला, शनिवारी, ती मोहोळला माहेरी गेली, भाचीच्या बाळाचं बारसं होतं. रविवारी संध्याकाळी परत येणार होती. मी तिला खूश करायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी नवी पेठेतून छत्तीस-छत्तीस कप्प्यांचे दोन प्लॅस्टिकचे डबे आणले. जाडी मोजायला घरात माझा स्वतःचा व्हर्निअर होता. रव्याची चाळणी, चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी अशा तीन जाळ्यांतून मणी चाळले की तीन मापं आपोआप वेगळी होतात. मग रंग, मग काच की प्लॅस्टिक की धातू. दोन दिवस मी जेवायलाही उशिराच उठलो. खोटं कशाला सांगू, ऑक्टोबरनंतरचे माझे सगळ्यात सुखाचे दोन दिवस ते होते. प्रत्येक कप्प्याच्या झाकणावर चिठ्ठी लावली: नाव, माप, वजन. आमच्या स्टोअरमध्ये बोल्टच्या खोक्याला बाहेरून एक बोल्ट बांधलेला असायचा, म्हणजे चिठ्ठी वाचायलाही लागू नये. तसं प्रत्येक चिठ्ठीवर एकेक मणी नमुना म्हणून चिकटवला. चिठ्ठ्या लावायच्या आधीच वरच्या फळीवरच्या वाट्याही घेतल्या होत्या आणि त्यातलाही माल ज्याच्या त्याच्या कप्प्यात घातला होता; शेवटी त्या वाट्या घासून पालथ्या घातल्या.

ती रविवारी सात वाजता आली. पिशवी खाली ठेवली आणि कपाटासमोर उभी राहिली. एक डबा उघडला, मिटला.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे सगळं तुम्ही?"

"बहात्तर कप्पे. चौसष्ट भरले, आठ पुढच्यासाठी."

ती हसली. खरंच हसली, ते मला आठवतं. मग तिची नजर वर गेली.

"वरच्या वाट्या?"

"घासून ठेवल्यात."

"त्यातले मणी?"

"ज्याच्या त्याच्या कप्प्यात."

ती खाली फरशीवर बसली. "अहो," ती म्हणाली, "त्या वाट्या म्हणजे माणसं होती."

तिचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही, हे सगळ्यात वाईट. आमच्या कारखान्यात बाहेरच्या पार्ट्यांचं सूत विणायला यायचं. स्वतःचं सूत आणि पार्टीचं सूत, नंबर एकच असला तरी, कधी एका रॅकमध्ये ठेवायचं नाही. पार्टीच्या मालाला लाल चिठ्ठी, वेगळी खोली, वेगळी किल्ली. ती किल्ली सत्तावीस वर्षं माझ्याकडे होती. एवढं असून घरच्या फळीवर पार्टीचा माल असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. घरातलं काम ते काही खरं काम नव्हे, असं माझ्या मनाने कुठेतरी धरलं असावं. ते चुकीचं होतं हे मी त्या दिवशी फरशीवर तिच्याशेजारी बसून मान्य केलं.

अकरापैकी दहा वाट्या निस्तरल्या. कुठे मोत्यांचा आकार वेगळा होता, कुठे सोन्याची कडी ओळखीची होती, दोन वाट्या तर तिच्याच शिलकीच्या होत्या. अव्वांची सहा पोवळीही दहा मिनिटांत निघाली, कारण लाल कप्प्यातलं बाकी सगळं प्लॅस्टिक होतं आणि खरं पोवळं हाताला गार लागतं. राहिले चौऱ्याऐंशी काळे मणी. ते काळ्या काचेच्या तीन मिलिमीटरच्या कप्प्यात होते. सगळ्या मण्यांचं वजन केलं तर एकशे चाळीस ग्रॅम. दहा ग्रॅम मोजून पाहिले, तीनशे बारा भरले. म्हणजे चार हजार तीनशेच्या आसपास मण्यांत चौऱ्याऐंशी.

सोमवारी आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. जुन्या मण्याचं भोक दोऱ्याने घासून थोडं मोठं होतं, असं तिचं म्हणणं. पण नव्या मण्यांतही वेडीवाकडी भोकं असतात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकतीस मणी बाजूला पडले. त्यातले तिला खात्रीचे वाटले ते नऊ.

इथे मी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण लिहिली नाही तर हा हिशेब खोटा होईल. मी म्हणालो, "यातलेच तुळतुळीत बघून चौऱ्याऐंशी मोजून घालू. कुणाला कळणार?"

ती भिंग पुसत होती. "मला कळेल ना," म्हणाली. थोड्या वेळाने, "उद्या तुम्ही अव्वांकडे जाऊन सांगा. मी येते बरोबर, पण बोला तुम्ही."

एवढंच. ती मला त्या दिवशी, त्यानंतरही, एकदाही घालूनपाडून बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि बराच वेळ बोललो असतो.

मंगळवारी आम्ही गेलो. अव्वा ओट्यावर बसून पान लावत होत्या. गळ्यात हळकुंडाचा पिवळा दोरा. आठ दिवसांची गोष्ट म्हणून त्यांनी तो घातला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चाळण्या, कप्पे, वजन, एकशे चाळीस ग्रॅम, सगळं. कमी सांगितलं तर लपवल्यासारखं होईल असं वाटत होतं.

अव्वांनी ऐकून घेतलं. त्यांचा हात गळ्यातल्या हळकुंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "बिड्डा, कारखान्यात पण असंच करायलास का?" बिड्डा म्हणजे लेकरू.

"नाही अव्वा."

"मग काढलं कशाला तुला?"

बायकोने तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने मागे सारलं.

"नऊ गावले म्हनतोस?" अव्वा म्हणाल्या. "दाव."

बायकोने पुडी सोडली. अव्वांनी एक मणी उचलला, जिभेला लावला, दातावर टकटक केलं. "ह्यो माझा." दुसरा लावला. "ह्यो न्हाय." मग कंटाळून हात झटकला. "चार हजार मणी चाटायला बसले तर पोरीचं बाळंतपण होईल." त्यांनी पानाला चुना लावायला डबी उघडली, बोट बुडवलं, आणि बोट तसंच धरून त्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं अव्वा?"

"हळद," त्या म्हणाल्या. "एक्कावन्न वर्षं दर शुक्रवारी मी त्या सराला हळद लावायलेय. दोरा हळदीचाच. किती दोरे बदलले, हळद काय भोकातनं जाती व्हय? आन् हळदीला चुना लागला की काय होतं?"

"लाल," बायको म्हणाली.

"कुंकवावानी लाल होतं की!"

त्यांनी चुना पाण्यात कालवला, माझ्या हातरुमालाची घडी त्यात भिजवली आणि खात्रीचा मणी त्यावर ठेवून अंगठ्याने दाबून फिरवला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग मण्याच्या भोकाशी, अगदी सुईच्या टोकाएवढा, तांबूस ठिपका उमटला. दुसरा मणी, ज्याला त्या 'न्हाय' म्हणाल्या होत्या, तो लावला. रुमाल पांढराच राहिला.

नात पार्लरला निघायच्या घाईत बाहेर आली होती, तीही वाकून बघायला लागली. "अव्वा, तू तर लॅबच उघडलीस."

"लॅब तुझी. मी शाळेत दोन वर्षं गेले," अव्वा म्हणाल्या. "जा कामाला."

त्यापुढचे दोन दिवस कसे गेले ते मी तपशिलाने सांगू शकतो, कारण या वेळी वहीत मी लिहिलं. कारखान्यातून निघताना मिळालेले पांढरे टॉवेलचे नमुने घरात होते, त्यांचे चौकोन कापले. एका ताटात एक चौकोन, त्यावर दोनशे मणी. वरून चुन्याचं पाणी, दुसरा चौकोन, वरून हाताने दाबून फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग एकेक मणी सुईने उचलून बघायचा. ज्याच्या खाली तांबूस ठिपका तो वाटीत. जे पांढरे राहिले ते धुऊन दुसऱ्या ताटात. बावीस ताटं झाली. अव्वा दुपारच्या जेवणानंतर येऊन खुर्चीवर बसायच्या आणि देखरेख करायच्या.

"दाब की नीट. पोळी लाटायलास का?"

"अव्वा, मी कधी पोळी लाटली नाही."

"दिसतंय."

बायको एकीकडे तिची रोजची कामं करत होती, आणि अधूनमधून माझ्या ताटाकडे बघून एखादा मणी काढायची, "हा सुटला बघा." तिचा डोळा असा की मला भिंगातून न दिसलेला ठिपका तिला उभ्याने दिसायचा. मी तिच्यासोबत सव्वीस वर्षं राहिलो, पण ती काम करताना तिच्याशेजारी दोन दिवस सलग बसलो नव्हतो. ती मणी ओवताना ओठांतल्या ओठांत मोजते. दर दहाव्या मण्याला श्वास घेते. दोऱ्याला मेण लावताना तो कानाजवळ नेऊन ओढते, आवाजावरून तिला दोरा पक्का की कच्चा ते कळतं. हे सगळं माझ्या घरात नऊ वर्षं चाललं होतं.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी वाटीत एकोणपन्नास. गुरुवारी दुपारी तीनला बहात्तर. शेवटचं ताट संपलं तेव्हा सव्वासहा वाजले होते. बायकोने मोजले. अव्वांनी मोजले. मग मी.

"तीन कट्टे आन् आठ," अव्वा म्हणाल्या.

त्र्याऐंशी.

मी पुन्हा मोजले. फरशी झाडली, केरसुणीच्या काड्या उलगडून पाहिल्या. चाळण्यांच्या जाळ्या उजेडाकडे धरल्या. कपाटाखाली हात घातला, तिथे सहा वर्षांपूर्वी हरवलेलं एक कर्णफूल सापडलं, मणी नाही. नात पार्लरमधून परस्पर आमच्याकडे आली होती, तिने मोबाइलचा उजेड लावून मोरीपर्यंत बघितलं.

"फुटला असंल," अव्वा म्हणाल्या. "एवढं काय त्यात. हिला बेचाळीस घाल, मला एक्केचाळीस. मला किती दिवस घालायचंय?"

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. नात म्हणाली, "असं काय बोलतेस गं," आणि मोबाइलचा उजेड बंद करून उभी राहिली. मला मात्र ते लागलं. या बाईने पानाची डबी उघडून मला वाचवलं होतं, आणि माझ्या चुकीची तूट स्वतःच्या गळ्यात घालून ती घरी जाणार होती. एक मणी कमी. माझ्या आयुष्यात स्टॉक कधी जुळला नाही असं झालेलं नाही. जुळला नाही तर माल कुठेतरी असतो, आणि तो बहुतेक वेळा मोजणाऱ्याच्याच टेबलावर असतो, असं मी हाताखालच्या लोकांना सांगत असे.

म्हणून मी माझं टेबल पाहिलं. म्हणजे डबे. झाकणं. चिठ्ठ्या.

"काळे, काच, ३ मि.मी., १४० ग्रॅम." आणि त्याखाली माझ्या अक्षराच्या शेजारी, थेंबभर गोंदाने पक्का चिकटवलेला एक मणी. नमुन्याचा. मला स्पष्ट आठवलं: नमुना म्हणून लावायला मी त्या कप्प्यातला सगळ्यात गोल, सगळ्यात चकचकीत मणी मुद्दाम निवडला होता. सत्तर-ऐंशी वर्षं दोन बायकांच्या गळ्यावर घासून जो गुळगुळीत होतो, तो चकचकीत असणारच.

मी झाकण तसंच सगळ्यांपुढे धरलं. मग अव्वा खुर्चीवर मागे रेलल्या आणि हसायला लागल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. बायकोने त्यांना पाणी दिलं आणि तीही हसायला लागली.

"काका," नात म्हणाली, "तुम्ही लेबलाला मंगळसूत्र घातलंत."

गोंद झटपट चिकटणारा होता. नखाने निघेना, गरम पाण्याने निघेना. सुरी लावायला बायकोने साफ नाही म्हटलं, काच टवकली तर काय. तेव्हा नातीने पर्समधून नेलपॉलिश काढायचं द्रावण काढलं, कापसाचा बोळा भिजवून चिठ्ठीवर ठेवला. "दहा मिनिटं. पार्लरमध्ये चिकटवलेली नखं असंच काढतो आम्ही." माझ्या अक्षरातली शाई फुटून निळा ओघळ झाला आणि मणी सुटला. भोकातही गोंद गेला होता, तो बायकोने बारीक सुईने कोरून काढला. मग धुतला, पुसला, चुन्याच्या फडक्यावर ठेवला.

चौघंही वाकून बघत होतो. ठिपका यायला वेळ लागला. आला तेव्हा तो बाकीच्यांपेक्षा जास्त लाल होता, किंवा मला तसा वाटला.

"तीन कट्टे आन् नऊ," अव्वा म्हणाल्या.

त्यानंतर कपाटाची व्यवस्था आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लावली. बहात्तर कप्पे आहेत, बायको ते वापरते आणि सोयीचे आहेत असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. वरच्या फळीवर वाट्या परत आल्या, आता बारा. प्रत्येकीत एक लाल चिठ्ठी असते, तिच्यावर नाव नाही, ते बायकोच्या वहीत; फक्त मोजणी आणि तारीख. चिठ्ठी मी लिहितो. बारसं असो की लग्न, त्या वाट्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. झाकणांवर नमुन्याचे मणी नाहीत, मी पेन्सिलीने गोल काढून रंग भरलेत. तिला हसू येतं, पण पुसत नाही.

शुक्रवारी तेरा तारखेला सकाळी दोन्ही सर तयार होते. हळदीच्या नव्या दोऱ्यात बेचाळीस-बेचाळीस मणी, तीन-तीन पोवळी. अव्वांचे दोन पुस्ते त्यांच्या सरात गाठवले, नवा सर गळ्यात पडल्यावरच हळकुंडाचा दोरा सोडला. नातीचा सर कागदात गुंडाळून लग्नापर्यंत देवापुढे ठेवायचा होता. त्यांनी तो आधी हातात घेऊन मोजला, मग नातीला मोजायला लावला.

बायको पैसे घेत नव्हती. "चूक आमची, अव्वा, आठ दिवस तुमचा जीव टांगणीला."

"मजुरी न देता गळ्यात घालत न्हाईत," अव्वा म्हणाल्या. "माझ्या आईनं दिली, मी देणार, ही देईल. हात पुढं कर."

बायकोने हात पुढे केला. अव्वांनी पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन आणि पन्नासाच्या दोन नोटा काढून मोजून ठेवल्या. बायकोने त्यातली पन्नासाची एक परत द्यायला काढली. अव्वांनी ती घेतली, आणि माझ्याकडे वळल्या. चुन्याने माझ्या बोटांची सालं निघाली होती, ती त्यांनी हात धरून उजेडात पाहिली.

"निवडायचं काम ह्यानं केलंय की," त्या म्हणाल्या आणि नोट माझ्या हातात ठेवून मूठ मिटवली.

ऑक्टोबरनंतर माझ्या हातावर पडलेली ती पहिली मजुरी. वहीत मी त्याच दिवशी लिहिलं, बायकोच्या अक्षराखाली: मिळाले तीनशे. अडीचशे तिला, पन्नास मला.